येतो सर

आमच्या सरांना कुठूनही निघायला पाऊण तास लागायचा. कळमनुरीच्या कॉलेजात ते आम्हाला मानसशास्त्र शिकवायचे आणि राहायला सिद्धेश्वरला, धरणाजवळ. कॉलेज पाचला सुटायचं, हिंगोलीची गाडी सव्वापाचला आणि स्टँड चालत पाच मिनिटांवर. एवढं सगळं सोयीचं असूनही ती गाडी सरांना क्वचितच मिळाली, कारण सर प्रत्येकाला सांगून निघायचे. आधी आम्हा विद्यार्थ्यांना, मग ग्रंथालयातल्या मॅडमना, ऑफिसातल्या क्लार्कला, शिपाई गफूरमामांना, फाटकाबाहेरच्या चहावाल्याला आणि शेवटी चहावाल्याच्या शेळीला. "बरं, मी येतो. उद्या साडेदहाला भेटू." वाक्य तेच, पण प्रत्येकापाशी थांबून, डोळ्यांत बघून. शेळीलाही साडेदहाचीच वेळ दिलेली असायची.

त्यामुळे त्यांचं नाव पडलं येतो सर. खरं नाव ऑफिसातल्या मस्टरवर होतं, ते तिथंच राहिलं. एकदा ग्रंथालयातल्या मॅडमना सांगायचं राहून गेलं आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवल्यावर ते सरांना आठवलं. उतरले, कॉलेजात परत आले, सांगितलं, पुन्हा स्टँडवर गेले. गाडी अर्थात निघून गेलेली. प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, "सर, तुम्ही राजीनामा दिलात ना, तर तुम्हाला निघायला दोन सेमिस्टर लागतील." सर इतके खूश झाले की आठवडाभर तो टोमणा सगळ्यांना सांगत फिरले.

ह्या वेडामागे शास्त्र आहे असं त्यांचं म्हणणं. लहान लेकराची आईशी ओढ कशी जुळते, कशी ताणते आणि तुटायला आली की काय होतं, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पुस्तकात त्याला भारदस्त शब्द होता, सर सरळ 'ओढ' म्हणायचे. बाकीचं सगळं मानसशास्त्र दिवाळीच्या आत उरकायचं आणि उरलेलं वर्ष ओढ शिकवायची, असा त्यांचा अभ्यासक्रम. परीक्षेत त्यावर एकच प्रश्न यायचा आणि तोही पर्यायी. सर म्हणायचे, "परीक्षेत यिऊ नाही तर न यिऊ, तुमच्या घरात येणार हाय."

ह्या सगळ्याचं मूळ सरांच्या मते एका रिळात होतं. मनोविश्लेषणाचा जो मूळपुरुष, तो व्हिएन्नाचा दाढीवाला डॉक्टर, त्याचा दीड वर्षाचा नातू. आई बाहेर गेली तरी हे पोरगं रडायचं नाही. दोरा बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या कडेवरून पलीकडे टाकायचं आणि म्हणायचं, गेलं. मग दोरा ओढून रीळ परत आणायचं आणि खिदळायचं, आलं. आजोबा तासन्‌तास बघत बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं की पोरगं आईचं जाणं-येणं खेळून राहिलंय. सरांनी ही गोष्ट नुसती सांगितली असती तर ते येतो सर कसले? त्यांनी टेलरकडून रीळ मागून आणलं, दोरा बांधला, टेबलावर चढले आणि "गेलं!" म्हणून असं जोरात भिरकावलं की दोरा तुटून रीळ खिडकीतून बाहेर गेलं. खाली प्राचार्य मोबाइलवर बोलत उभे होते. वरून सरांचं "गेलं!" ऐकू आलं आणि खालून टक्कल चोळत प्राचार्यांचं, "आलं!" त्या दिवशी पुढचे तीनही तास आमचा वर्ग शिकण्याच्या लायकीचा राहिला नाही.

दुसरं वेड पिल्लांचं. ह्या शास्त्राचं अर्धं मूळ मनोविश्लेषणात असलं, तरी उरलेलं अर्धं पाखरांच्या अभ्यासात आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जे पहिलं हलताना बघेल त्याच्यामागे जातं, असं सरांनी सांगितलं आणि खोक्यात बल्ब लावून गावठी कोंबडीची सहा अंडी मांडली. एकविसाव्या दिवशी दुपारी कवचं फुटली. सरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही आणि तो त्यांनी कॉलेजभर सांगायला घेतला. आता सर एकेकाला सांगणार आणि एकेकाचा निरोप घेऊन पुढे सरकणार म्हटल्यावर परतायला संध्याकाळ झाली. तोवर पिल्लं वाळून, पायांवर उभी राहून, झाडायला आलेल्या गफूरमामांच्या मागे रांगेत चालली होती. मामा घाबरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होते. "सर, ये मेरे पिच्छे कायकू आ रे? मैं तो खाली झाडू मार रा था!" सर दोन दिवस खट्टू होते. मग त्यांनी प्रयोगवहीत लिहिलं: 'प्रयोग यशस्वी. आई: गफूरमामा.'

बाजाराच्या दिवशी आमचं प्रात्यक्षिक स्टँडवर असायचं. वही घेऊन फलाटावर बसायचं आणि गाडीतून उतरणारी माणसं आणि त्यांना घ्यायला आलेली माणसं बघायची. निरोप घेणाऱ्यांकडे बघायचं नाही. "निघताना समदेच रडतात," सर म्हणायचे, "रडण्यावरून कायबी कळत न्हाई. परत आल्यावर काय होतं ते लिहा." परदेशात ज्यांनी आईला दोन-चार मिनिटं खोलीबाहेर पाठवून लेकरांना पारखलं, त्यांनीही लेकरू किती रडलं ह्यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं तेच जास्त बघितलं होतं. आम्ही इमानदारीत बघायचो. वह्या पाहून एका कंडक्टरला आम्ही तपासणी पथक वाटलो आणि तो बिचारा न विचारता आम्हाला चहा पाजून गेला. एकदा एक म्हातारा उतरला. घ्यायला आलेल्या म्हातारीनं त्याच्या तोंडाकडेही पाहिलं नाही, पिशवी ओढून घेतली, आत हात घातला आणि म्हणाली, "फणी न्हाईच आणली ना? ठावं होतं मला." मी वहीत लिहिलं, 'नातं तुटक.' सरांनी लाल पेननं फुली मारली. "अवो ताई, ती तीन वाजल्यापासून हितं उभी हाय. मी पेपरवाल्याला विचारलं. तीन गाड्या बघितल्या तिनं." मी पुन्हा बघितलं तर म्हातारी पुढे, म्हातारा मागे आणि पिशवीचा एकेक बंद दोघांच्या हातात.

मला खरं तर वहीत लिहायला घरचंच उदाहरण होतं, पण ते मी लिहीत नव्हते.

लग्नानंतर सुटलेलं बीए मी पुन्हा धरलं होतं. नवरा पुण्यात कंपनीत. त्यानंच फॉर्म भरायला लावला होता. माझी दोन वर्षांची आरू माहेरी साखऱ्याला माझ्या आईजवळ असायची, मी कळमनुरीत खोली घेऊन राहायची आणि दर शनिवारी हिंगोली, सेनगाव करत साखऱ्याला जायची. सोमवारी सकाळी परत निघताना आमच्याकडे सगळ्याच घरांत करतात तेच आम्ही करत होतो. आई आरूला कडेवर घेऊन मागच्या दारी वासरू दाखवायला न्यायची आणि मी पुढच्या दारानं, चपला हातात घेऊन, पळायची. लेकराला कळू द्यायचं नाही, म्हणजे ते रडत नाही आणि आपला पाय निघतो. खरंच, आरू एकदाही रडली नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

मग ती माझ्याकडे बघेनाशी झाली. शनिवारी मी आत आले की आजीच्या कुशीत तोंड घालायची. खाऊ पुढे केला की आजीच्या हातून घ्यायची. मी उचललं तर लाकडासारखी ताठ. आणि आजीला मात्र क्षणभर सोडायची नाही, आजी न्हाणीत गेली तरी दाराशी बसून राहायची. शेजारच्या काशीकाकू सहज म्हणून गेल्या, "लेकरू ईसरलं गं तुला, वंदे." काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मी सगळ्या वाटेनं रडत कळमनुरीला आले आणि नाव काढून घ्यायचा अर्ज लिहिला. लेक गमावून मला पदवी नको होती.

अर्ज घेऊन गेले तेव्हा सर क्लार्कपर्यंत पोचले होते, म्हणजे त्यांना निघायला अजून अर्धा तास होता. त्यांनी अर्ज वाचला, मला सगळं विचारलं, चपला हातात घेण्यापर्यंत सगळं. मग म्हणाले, "ईसरली न्हाई ती. ईसरली असती तर टकामका बघितलं असतं. परक्या माणसाकडं लेकरू बघत राहतं. तोंड फिरवून राहिली म्हणजे कोण आलंय ते तिला पक्कं ठावं हाय. ती रागावली हाय, ताई. आन राग काढायला भिऊन राहिली. काढला आन तुमी पुन्ना गायब झालात तर?"

मग त्यांनी गोष्ट सुरू केली, कारण गोष्टीवाचून त्यांचं काही संपायचंच नाही. ओढीचा सिद्धांत ज्या इंग्रज डॉक्टरनं मांडला, त्याला लहानपणी दाईनंच सांभाळलं होतं. तो चार वर्षांचा होत होता तेव्हा ती काम सोडून गेली आणि ते त्याला जन्मभर लागलं. मोठा झाल्यावर तो मनोविश्लेषण शिकायला लागला. तेव्हा एक तीन वर्षांचा मुलगा त्याच्याकडे यायचा आणि मुलाची आई बाहेर बसून राहायची, चेहरा सुकलेला. ह्याला वाटे, बाईशी बोलावं. पण त्याला शिकवणाऱ्या थोर बाईंची ताकीद होती की लेकराच्या मनात काय चाललंय तेवढंच बघायचं, आईशी बोलायचं नाही. शेवटी ती आईच आजारी पडून मनोरुग्णालयात गेली आणि मुलाचं येणं थांबलं. "तवापासून त्याच्या डोक्यात बसलं," सर म्हणाले, "की लेकराच्या मनातली आई असू द्या, पण बाहेर बसलेल्या आईला कोणी तरी विचारा." असं म्हणून त्यांनी अर्ज खिशात घातला. "मी कोण्या थोर बाईचं ऐकणार न्हाई. मी तुमच्या आईशी बोलतो. रविवारी साखऱ्याला येतो." हे सांगून ते उरलेल्यांचा निरोप घ्यायला गेले.

रविवारी अकराला सर खरंच आले. पिशवीत संत्री, अंगावर इस्त्रीचा सदरा. आरूकडे त्यांनी बघितलंही नाही, ओसरीवर बसून माझ्या आईला समजावायला लागले की उद्यापासून लेकराला सांगून निघायचं, ती रडली तर रडू द्यायचं. आई चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मास्तर, एवढ्या लांबून तुमी माझ्या लेकराला रडवायला आलाव का?"

"व्हय आजी," सर म्हणाले, "रडायची चोरी झाली तिला. ती मोकळी करायला आलोय."

"तुमचं शिक्षण कुठवर झालं?"

सरांनी सगळ्या पदव्या सांगितल्या. आईनं मान हलवली. "तरीच," म्हणाली. पण चहाचा दुसरा कप दिला, त्यावरून मी ओळखलं की परवानगी मिळाली.

सोमवारचं जाणं एकदम नको, आधी सवय करू, असं सरांनी ठरवलं. मी आरूसमोर बसून म्हणायचं, "आरू, मी हातपंपापर्यंत जाते आणि येते." जायचं आणि यायचं. पहिल्या वेळी तिनं असा टाहो फोडला की आख्खी गल्ली बाहेर आली. मी धावत परत आले, "आले गं, आले." तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा शाळेपर्यंत. तिसऱ्यांदा किराणा दुकानापर्यंत. चौथ्यांदा काशीकाकू दारात उभ्याच होत्या. "काहून गं वंदे, सारखी जाऊन राहिली, येऊन राहिली, काय ईसरून राहिली?" पाचव्यांदा फाट्यापर्यंत निघाले तर मोटारसायकलवरून चाललेल्या चुलतभावानं गाडी थांबवली. "बस धरायची का, ताई? बस मागं." फाट्यावर उतरवून तो म्हणाला, "बस कितीची हाय?" मी म्हटलं, "मला बसच धरायची न्हाई, परत जायचंय." त्यानं माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि मुकाट्यानं परत आणून सोडलं. सहाव्यांदा मी निघाले तेव्हा आरू उंबऱ्यात उभी होती. ओठ वाकडे, डोळे भरलेले, पण रडली नाही. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "गेली." मी परत आल्यावर आजीच्या पदराआडून, हळूच, "आली."

"रीळ! रीळ!" सर असे ओरडत उठले की संत्री अंगणभर गडगडली. आई आतून पळत आली. "काय चावलं मास्तरला? इंचू हाय का?" सर हसत होते, डोळे पुसत होते आणि माझ्या आईला व्हिएन्नाच्या आजोबांची गोष्ट सांगत होते. आईनं आधी जमिनीवर इंचू शोधला, मग गोष्ट ऐकली.

त्या दिवशी सरांनी गल्लीतल्या प्रत्येक घराचा निरोप घेतला, त्यामुळे शेवटची गाडी गेली हे सांगायला नको. ते काशीकाकूंकडे मुक्कामाला राहिले आणि सोमवारी सकाळी आम्ही दोघं मिळून निघालो. मी आरूला जागी केलं, मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "आरू, मी कळमनुरीला जाते. तू पाच वेळा झोपून उठलीस की मी येते." ती गळ्याला पडून जी रडली, तो आवाज माझ्या कानांत हिंगोलीपर्यंत होता. सरांनी मला रडायला स्वतःचा रुमाल दिला आणि सेनगाव यायच्या आत परत मागून घेतला, कारण त्यांनाही लागत होता.

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. आई रोज सकाळी फोनवर सांगायची, आज दोनदा झोपून उठली, आज तीनदा. शनिवारी हिंगोलीहून निघायलाच उशीर झाला आणि सेनगावला साखऱ्याची गाडी निघून गेलेली. उन्हं उतरायच्या आत येते असं सकाळी फोनवर आरूला सांगितलं होतं. आज चुकले तर संपलं, एवढंच डोक्यात. हिंगोलीच्या बाजारात हळद विकून परत चाललेला गावचाच एक टेंपो दिसला, त्याच्या मागे रिकाम्या पोत्यांवर बसले. वाऱ्यानं पोत्यांमधली सगळी हळद माझ्यावर आली. साखऱ्याला उतरले ती नखशिखान्त पिवळी, शिंकत, हातात चप्पल, कारण एकीचा अंगठा तुटलेला.

आरू आजीच्या मांडीवर ओसरीत बसली होती. तिनं मला बघितलं आणि नेहमीसारखं तोंड फिरवलं. माझे पाय अंगणातच थांबले. मग आरू मांडीवरून उतरली, पायऱ्यांवरून एकेक पाय टाकत खाली आली, माझ्यापाशी पोचली आणि दोन्ही मुठींनी मला मारायला लागली. गुडघ्यावर, मांडीवर, मी खाली बसल्यावर तोंडावर. मारत होती, रडत होती, म्हणत होती, "का गेली? का गेली?" मी म्हटलं, "मार, मार गं बाई." आई ओरडत होती, अगं आईला मारू नाही, आणि मी हसत होते, इतकी हसत होते की काशीकाकू पुन्हा दारात आल्या. दमल्यावर ती माझ्या खांद्यावर पडली आणि मग रात्रीचं जेवणही तिनं माझ्या मांडीवरून उतरून केलं नाही.

सोमवारी सरांनी वर्गात मला उभं करून हे सगळं सांगायला लावलं. मग पुन्हा सांगायला लावलं. कोणत्या मुठीनं आधी मारलं? किती जोरात? तोंडावर मारलं तेव्हा डोळे उघडे होते का? आम्ही हसून हसून बेजार, आरूनं मारताना केली तशी तोंडं मी करून दाखवत होते. सर हसता हसता टेबलाला टेकले आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"मी चार वर्षांचा असताना मला नांदेडच्या दवाखान्यात ठिवलं होतं. दोन महिने. तवा आई-बापाला वॉर्डात थांबू देत नव्हते. आईनं मला झोपवलं आन मी उठायच्या आत ती गेली होती. माझ्यासाठीच गेली, मी रडू न्हाई म्हणून. दोन महिन्यांनी ती मला न्यायला आली. मी तिला मारलं न्हाई. मी रडलोबी न्हाई. पलंगावरून उतरलो आन तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. घरी पाव्हणी आली की करावा तसा."



"तुमच्या लेकीनं मारलं," सर म्हणाले, "लई बरं झालं, ताई. लई बरं झालं." आणि चष्मा पुसून त्यांनी आम्हाला पुढचं पान उघडायला सांगितलं.